साक्षीला न उभ्या राहिलेल्या मार्थामावशी

मार्थामावशी प्रार्थना करताना डोळे मिटायच्या नाहीत. मी त्यांच्याकडे राहायला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज येत होता. "नवीन पोरगी आलीय. करुणा नाव हाय. बिडकीनची हाय. रात्री अर्धीच पोळी खाल्ली तिनं, लाजती वाटतं. जरा बघ तिच्याकडं." मग घाईघाईनं, "थांब बापा, दूध वर आलं." गॅस बारीक केल्याचा, फडक्यानं ओटा पुसल्याचा आवाज आला आणि पुन्हा, "हां, तर काय म्हणत होते मी."

मला वाटलं, वडिलांशी फोनवर बोलत असतील. मग मनात आलं, मावशींचंच वय सत्तरीच्या पुढचं, तर वडील केवढे असतील. दारातून डोकावले, तर फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला होता आणि मावशी हातात सांडशी धरून दुधाच्या पातेल्याकडे बघत बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये, चहा घे. तुझंच सांगत होते."

आमच्या बिडकीनला दर रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनासभा भरते. तिथे प्रार्थना म्हणजे डोळे घट्ट मिटायचे, हात वर करायचे आणि मोठ्यानं बोलायचं. शेजारची बाई रडायला लागली की मलाही रडू यावं असं फार वाटायचं, पण यायचं नाही. मी पापण्यांच्या फटीतून इकडेतिकडे बघायचे आणि मग आपण बघितलं म्हणून घाबरायचे. त्यामुळे दुधावर लक्ष ठेवून देवाशी बोलणारी ही बाई मला सुरुवातीला खटकलीच. देवाला कुणी थांब म्हणतं का, असं वाटलं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. शहरात कुणी ओळखीचं नव्हतं. सभेतल्या एका ताईंनी मार्थामावशींचं नाव सांगितलं. छावणीतल्या जुन्या चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. जन्मभर त्यांनी मिशनच्या शाळेत आया म्हणून काम केलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुतण्या जालन्याला, तो सणासुदीला यायचा. मावशी ठेंगण्या, सावळ्या, चालताना उजवा पाय जरा ओढायच्या. गल्लीतले लोक त्यांना "सलाम मावशी" म्हणायचे, त्याही प्रत्येकाला थांबून सलाम करायच्या, त्यामुळे चर्चला जायला घरातून लवकर निघूनही त्या उशिराच पोचायच्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना आँटी म्हटलं. कॉलेजातल्या मुली म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "आँटी नको म्हणू गं. मी कुठं सेंट मारते. मावशी म्हण."

एकदा त्यांनी मला गुलमंडीला नेलं, ब्लाउजपीस घ्यायचं होतं. त्यांचा दुकानदार ठरलेला. पांढऱ्या दाढीचे चाचा होते, मावशींना बघितलं की स्टूल पुढे करायचे. त्या दिवशी म्हणाले, "खाला, बेटी का कल पेपर है. जरा दुवा करो ना उसके वास्ते." मावशी म्हणाल्या, "हौ, करतूँ ना." मला वाटलं, घरी गेल्यावर करतील. तर तिथंच, हातात कापड धरून सुरू झाल्या, "बापा, या चाचाच्या पोरीचा पेपर हाय उद्या. घाबरली असंल. जे वाचलंय तेवढं तरी ध्यानात राहू दे तिच्या. आन चाचाला बी झोप लागू दे." मग कापड उजेडाकडे धरून चाचांनाच, "रंग जातंय क्या इसका?" चाचा डोळे मिटून उभे होते. त्यांना कळेना, हे देवाला विचारलं की आपल्याला. मीही खाली बघत होते. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, मला लाज वाटत होती. पण चाचांनी डोळे पुसले तेव्हा माझी लाज जरा कमी झाली.

मला प्रार्थना जमत नाही, हे मावशींनी लवकरच ओळखलं. गल्लीत एका घरी प्रार्थनेला गेलो होतो, तिथे सगळ्यांसारखं आपलंही व्हावं म्हणून मी डोळे इतके आवळून बसले की डोकं दुखायला लागलं. परत येताना त्या म्हणाल्या, "रडू आलं तर रड. नाय आलं तर कांदा कशाला चिरायचा?" मग म्हणाल्या, "डोळे मिटायचे त्यांनी मिटावेत. मी मिटले की मला मीच दिसते, दुसरं कुणी दिसत नाय."

त्या दिवशी मी धीर करून विचारलं. किती दिवस मनात होतं. आमचं घर बौद्ध. आई प्रार्थनेला जायला लागली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते, तिच्याबरोबर जायला लागले. पप्पा येत नाहीत, पण अडवतही नाहीत. माझा अजून बाप्तिस्मा झालेला नाही. सभेत सगळ्यांनी स्वतःला देवाचं लेकरू म्हणवून घ्यायचं असतं, मीही म्हणते, पण म्हणताना वाटतं, कुणीतरी आता विचारेल, तू कशी? मी मावशींना एवढंच म्हटलं की मला आतून काही जाणवत नाही, मी देवाचं लेकरू नसेन बहुतेक.

त्या चालता चालता थांबल्या. "तू पप्पाला रोज उठून विचारती का, मी तुमचीच का म्हणून?"

"नाही."

"विचारलं तर काय म्हणतील?"

"घाबरतील. पोरीला काय झालं म्हणतील."

"मंग." एवढं म्हणून त्या पुढे चालायला लागल्या. मला उत्तर मिळालं की नाही, ते मला कळलं नाही. रात्री पडल्यावर हसू आलं.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण मार्थामावशी मला खऱ्या कळल्या त्या आईमुळे.

आईला फिट येते. लग्नाआधीपासून. मी लहान असताना ती एका लग्नात मांडवातच पडली होती. लोक तिच्या नाकाला चप्पल लावत होते आणि पप्पा त्यांना ढकलत होते, हे मला स्पष्ट आठवतं. नंतर भावकीतल्या हळदीला तिला बोलवणं बंद झालं. बाळंतिणीच्या घरी गेली तर बाळ तिच्या हातात देत नसत. समोर कुणी काही बोलत नसे, बाळ फक्त दुसऱ्या बाजूनं उचललं जायचं. शहरातल्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या तेव्हा फिट कमी झाली. त्याच सुमारास आई सभेला जायला लागली. तिथे तिला सगळे सुमनताई म्हणायचे. पुढच्या सतरंजीवर बसवायचे. तिथल्या बायांनी आपली बाळं तिच्या मांडीवर दिली. माझी आई तिथे बदलली, हे खरं आहे आणि हे मी कधीच नाकारणार नाही.

मी कॉलेजला आले त्या वर्षी तिला बरेच महिने फिट आली नव्हती. सभा चालवणारे संदीपभाऊ तिला म्हणाले, ताई, देवानं तुम्हाला बरं केलंय, नाताळाआधी पडेगावला मोठी सभा आहे, तिथे साक्ष द्या. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. माझी आई, जिला हळदीला बोलवत नव्हते, ती मंडपात माइकसमोर उभी राहणार होती. तिनं त्यासाठी पांढरी साडी घेतली. आणि गोळ्या बंद केल्या. भाऊंनी बंद करा असं सांगितलं नव्हतं, असं ती म्हणते. पण सभेतल्या कुणीतरी म्हणालं होतं की गोळी खाऊन बरी झाले म्हणणं हे खोटं ठरेल. भाऊ तिथेच होते. ते काही बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मला हे कळलं. डब्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्या तशाच होत्या. मी विचारलं तर आई हसली. इतकी मोकळी हसली की पुढचं माझ्या तोंडातून निघालंच नाही. एवढंच विचारलं, पप्पांना माहीत आहे का. ती म्हणाली, त्यांना कशाला घोर लावायचा.

त्यानंतरचे दिवस मला कसे सांगावेत ते कळत नाही. मी वर्गात बसायचे आणि मला आई विहिरीवर दिसायची. चुलीसमोर दिसायची. पप्पा कंपनीत कंत्राटी कामाला, शिफ्ट असली की ती घरी एकटी. मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोन करायचे. तिनं उचलायला वेळ लावला की मी रिंगा मोजत बसायचे. उचलला की मी काहीतरीच विचारायचे, जेवलीस का, मांजर आलं होतं का. ती म्हणायची, तुला कॉलेजात काय काम नाय का गं? आणि सगळ्यात वाईट हे होतं की मला काळजी करायचीही भीती वाटत होती. आमच्या सभेत शिकवलं होतं की घरात एकानं जरी शंका घेतली तर आशीर्वाद अडतो. म्हणजे आई पडली तर ती माझ्या शंकेमुळे पडणार. मी काळजी करायचे, मग काळजी केली म्हणून क्षमा मागायचे, मग क्षमा मागताना पुन्हा आई विहिरीवर दिसायची. देवाचं लेकरू असं असतं का, असं मला वाटायचं. लेकरू इतकं घाबरत असतं का.

मावशींना मी सांगितलं नव्हतं. आईची सगळी इज्जत त्या साक्षीत होती, ती माझ्या तोंडून कमी व्हायला नको होती. पण एका संध्याकाळी त्या मेथी निवडत होत्या, मी समोर बसले होते, आणि आईनं फोन उचलला नाही. मी लागोपाठ लावत राहिले. शेवटी तिनं उचलला, शेजारी गेली होती म्हणाली. फोन ठेवला आणि लगेच मी पुन्हा तिचाच नंबर लावायला लागले. मावशींनी मेथी बाजूला सारली. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. आमच्या सभेवर, भाऊंवर, आईवर. त्यांनी मेथी पुन्हा पुढे ओढली. काड्या वेगळ्या करायला लागल्या. मग म्हणाल्या, "उद्या कॉलेज हाय?"

"आहे."

"नको जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही बिडकीनच्या बसमध्ये बसलो. मावशी खिडकीतून बाहेर बघत ओठातल्या ओठात बोलत होत्या. एरवी त्या देवाशी बोलताना सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायच्या, आज येत नव्हतं. मी विचारलं, आईला काय सांगणार आहात. त्या म्हणाल्या, "काय म्हाईत. मी का पास्टर हाय? शाळेत पोरांची नाकं पुसली मी. मला कुठं बोलता येतं." त्यांनाही काही सुचत नाही हे कळल्यावर वाटलं, पुढच्या स्टॉपला उतरून परत जावं. आणि तरी त्या बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन, उतरायच्या तयारीनं.

आईला फार आनंद झाला. छावणीच्या मावशी आपल्या घरी आल्या, हे तिनं शेजारी दोन घरी सांगितलं. पिठलं केलं, भाकरी टाकल्या, ठेचा वाटला. ती चुलीसमोर होती तोवर मी तिच्यामागेच उभी राहिले. ती म्हणाली, सरक की जरा, उजेड येऊ दे. मावशी घरभर बघत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली आईनं लावलेलं क्रुसाचं कॅलेंडर. मावशी म्हणाल्या, "चांगलं लावलंय. धूळ नाय कशावरच."

जेवायला बसलो. मावशींनी मला सांगितलं, "आईच्या गोळ्या घेऊन ये."

आईचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती नजर मी विसरणार नाही. मी पट्टी आणून मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती खाली ठेवली, आईच्या ताटाशेजारी नाही, मधोमध.

आई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ही घेतली म्हंजी मी बरी नाय झाले."

"नाय झाली."

"मंग पडेगावला काय सांगू? आन मी बरी नाय झाले, तर मी त्याचं लेकरू कशी?"

मावशींनी भाकरी मोडायला घेतली होती, ती तशीच ठेवली. मग त्यांनी त्यांच्या नवऱ्याचं सांगितलं. पीटर त्यांचं नाव. शाळेत शिपाई होते, देखणे होते, गायचे फार सुंदर आणि प्यायचे. लग्नानंतर लगेच मावशींनी त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू केली. उपास केले. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दुसऱ्यांच्या नवऱ्यांची दारू सुटली, त्या बाया उभ्या राहून साक्ष द्यायच्या आणि मावशी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. "मला कुणी साक्षीला बोलावलंच नाय," त्या म्हणाल्या. "बोलावून काय करतील? माझ्याकडं बरं झालेलं कायीच नव्हतं. पीतच गेला. लोक म्हणायचे, हिचाच विश्वास कमी पडला. मला बी तसंच वाटायचं. लई वर्षं वाटत होतं."

"मंग?" आईनं विचारलं.

"मंग काय? एक दिवस भाकरी थापत होते. मनात आलं, शाळेत एवढी लेकरं येतात, सर्दीची, तापाची, खरूज झालेली. एकाच्या तरी बापानं म्हटलं का, बरं होऊन ये, मंग माझं नाव लाव? सुमन, लेकरू आजारी पडलं म्हणून बाप बदलतो व्हय?"

मावशींनी पट्टीतून एक गोळी काढली आणि आईच्या ताटात, भाकरीच्या कडेला ठेवली. जेवणाआधी आम्ही ताटावर प्रार्थना करतो, तशीच त्यांनी केली. आईनं डोळे मिटले, मी मिटले नाहीत. त्या म्हणाल्या, "बापा, ही भाकर तू दिली. ज्यानं ज्वारी पेरली त्याला बी तूच बुद्धी दिली. ही गोळी ज्यानं बनवली त्याला बी तूच दिली असंल, दुसरं कोण देणार. दोन्हीबद्दल तुझे उपकार. सुमनला दोन्ही गिळू दे. आमेन."

आई जेवली. भाकरी संपली, पिठलं संपलं. गोळी ताटात तशीच होती. मग तिनं ती उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली. आणि ताटं उचलून बाहेर गेली.

परतीच्या बसमध्ये मला रडू आवरेना. इतकं सगळं करून गोळी पदरातच राहिली. मावशी दमल्या होत्या, पाय दुखत होता. मी म्हटलं, आता काय करायचं? त्या म्हणाल्या, "आता तिचं आन त्याचं. आपण मधी किती बसायचं?" मला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी पक्कं सांगावं. होईल सगळं ठीक, एवढं तरी म्हणावं. ते त्यांनी कधीच, कुणालाच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांचा फोन आला. पप्पा स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघून मला आधी विहीरच दिसली. पण त्यांचा आवाज वेगळा होता, जरा अवघडल्यासारखा. म्हणाले, "तुझ्या आईनं काल मला समोर बसवलं. सगळं सांगितलं. मंग म्हणाली, हात जोडा. मी म्हटलं, मला तुमची प्रार्थना येत नाय. म्हणाली, नाय येत तर नाय, नुसते बसा. मी बसलो. तिनं काय काय म्हटलं मनात. मंग गोळी घेतली." मग म्हणाले, "तू एकटीच कामून वाहत होती गं हे? मला सांगायचं की." मावशी बाजूला उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना गप्प बसलेलं बघितलं. मनातही काही बोलत नव्हत्या, असं वाटलं.

पुढचं सोपं झालं असं मी लिहिणार नाही. आईनं संदीपभाऊंना स्वतः जाऊन सांगितलं की मी गोळ्या परत सुरू केल्यात, मी साक्ष देऊ शकत नाही. भाऊ वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, ठीक हाय ताई, तुम्ही गोळी घ्या. पण पडेगावच्या सभेत आई मागच्या रांगेत बसली, पांढरी साडी नेसून. दुसऱ्या एका बाईनं साक्ष दिली आणि आईनं टाळ्या वाजवल्या. मी तिच्या शेजारी होते. नंतर बिडकीनच्या शेडमध्येही पुढची सतरंजी तिच्यासाठी राखून ठेवणं हळूहळू बंद झालं. कुणी मुद्दाम केलं नाही. घरी येऊन ती कधी कधी रडायची. उन्हाळ्यात तिला एकदा फिट आलीच, गोळ्या चालू असूनही. त्या वेळी पप्पा घरी होते. तिनं मला फोन करून सांगितलं, "आली व्हती. गेली. डॉक्टरनं गोळी वाढवली." मी घाबरले होते, पण ती तशी घाबरलेली नव्हती. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सुमनला म्हणावं, रविवारी इकडं ये. आपण दोघी मागं बसू."

त्यानंतर आई महिन्यातून एखाद्या रविवारी छावणीत यायला लागली. दोघी शेवटच्या बाकावर बसायच्या. गाणं सुरू झालं की मावशी शब्द चुकायच्या आणि आई त्यांना कोपरानं ढोसायची. आईला अशी कुणाची चेष्टा करताना मी पूर्वी बघितलं नव्हतं.

मार्थामावशी गेल्या थंडीत गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. मी कॉलेजात होते. जालन्याचा पुतण्या आला, मंडळीतले लोक जमले. आई आणि पप्पा बिडकीनहून पहाटेच्या बसनं आले. आईची झोप झालेली नव्हती, आणि झोप मोडली की फिट यायची शक्यता वाढते, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे मावशींसाठी रडायचं सोडून मी आईच्या चेहऱ्याकडेच बघत होते. चर्च भरलं होतं. शाळेतल्या जुन्या बाई बोलल्या, गल्लीतले एक जण बोलले. मावशी किती सेवाभावी होत्या, किती हसतमुख होत्या. सगळं खरं होतं. मग पास्टर म्हणाले, आणखी कुणाला बोलायचं आहे का. आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

मी तिचा पदर धरायला हात पुढे केला होता. पप्पांनी माझा हात धरला.

आई पुढे गेली. शवपेटीपासून जरा लांब उभी राहिली. माइक तिला नको होता. "मी सुमन," ती म्हणाली. "बिडकीनची. मला फिट येते. अजून बी येते." चर्चमध्ये कुणीतरी मान वर केली. "मला वाटायचं, बरं झाल्याशिवाय देवाच्या घरात पुढं येऊन बोलायचं नसतं. मावशीच्या घरात बी कुणी बरं झालं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, लेकरू आजारी पडलं म्हणून बाप बदलत नाय. मी त्याच्यावर जगते." तिचा आवाज थरथरला. मी बाकाची कड घट्ट धरली. पण ते रडणंच होतं, दुसरं काही नव्हतं. "एवढंच," ती म्हणाली.

ती परत यायला वळली तेव्हा पास्टर म्हणाले, ताई, शेवटची प्रार्थना तुम्हीच करा. आई थांबली. एवढ्या लोकांसमोर, शहरातल्या चर्चमध्ये, तिनं कधी प्रार्थना केली नव्हती. तिनं पेटीकडे बघितलं, पदर डोक्यावर घेतला.

"देवा," ती म्हणाली, "ही मार्था तुझ्याकडं आलीय. जन्मभर लोकांचंच सांगत बसली तुला. पाय लई दुखायचा तिचा. तिला आधी बसू दे."

आणखी काही येईल म्हणून आम्ही सगळे थांबलो होतो. त्यामुळे आमेन म्हणायला जरा उशीर झाला.